पारंपरिक कलांसाठी कौटुंबिक ट्रस्टकडे निधी मागताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दशावतार, तमाशा, गोंधळ, भारूड, चित्रकथी, कीर्तन, धनगरी ओव्या, वारली चित्रकला, तंतुवाद्यांची कारागिरी अशा क्षेत्रांतले कलाकार आणि लहान संस्था जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातले कायदे धरून दिली आहेत. गोव्यातल्या मंडळींनी धर्मादाय आयुक्तांबद्दलचा भाग सोडून द्यावा, बाकीचे त्यांनाही उपयोगी पडेल.

कौटुंबिक ट्रस्ट म्हणजे नेमके कोण?

एखाद्या घराण्याने स्वतःची संपत्ती बाजूला काढून सार्वजनिक कामासाठी स्थापलेला न्यास. सर्वांना माहीत असलेले मोठे उदाहरण टाटांचे: सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. चित्रकार रझा यांच्या नावाचे रझा फाउंडेशन, सुनीलकांत मुंजाल यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले आणि पणजीत दर डिसेंबरला महोत्सव भरवणारे सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशन, तरुणांना शिष्यवृत्त्या देणारे इन्लॅक्स शिवदासानी फाउंडेशन ही आणखी काही नावे. मराठी घरांत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणग्या अनेकांना आठवतील. यांच्याखालोखाल प्रत्येक जिल्ह्यात लहान ट्रस्ट असतात. कुणी आईच्या स्मरणार्थ काढलेला, कुणी पेढीच्या नावाने. पारंपरिक कलेला पहिला हात बहुधा असेच ट्रस्ट देतात.

नावात ‘ट्रस्ट’ असले म्हणजे तिथे अर्ज करता येतो असे नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचे खासगी न्यास वारसांच्या हितासाठी असतात, तिथे देणगी मागण्यात अर्थ नाही. आपल्याला हवा तो सार्वजनिक, धर्मादाय न्यास.

सीएसआर आणि हे एकच का?

नाही. सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, हा कंपनीचा पैसा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वर गेलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कला आणि हस्तकलांचे संवर्धन स्पष्ट शब्दांत आहे, त्यामुळे तोही दरवाजा आहेच. पण कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला त्यासाठी सीएसआर-१ क्रमांक (सीएसआर निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी), १२-ए (संस्थेला आयकरात सूट देणारी नोंदणी) व ८०-जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो.

कौटुंबिक ट्रस्टचा निर्णय विश्वस्त घेतात. त्यांना हवे तर ते लहान, नवे, जोखमीचे काम उचलू शकतात. एकाच घराण्याची कंपनीही असते आणि ट्रस्टही, म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या की पैसा कोणत्या खात्यातून येईल. कागदपत्रे त्यावर ठरतात.

असे ट्रस्ट शोधायचे कसे?

मोठ्यांची संकेतस्थळे आहेत. लहानांची बहुधा नसतात, आणि तिथेच थोडे पायपिटीचे काम आहे. आपल्या जिल्ह्यातल्या संगीत सभांच्या, नाट्यसंमेलनांच्या, गणेशोत्सवांच्या जुन्या स्मरणिका काढून बसा. कुणाच्या स्मरणार्थ पारितोषिक आहे, शेवटच्या पानावर कुणाचे आभार आहेत, हे लिहून काढा. वाचनालये आणि शाळांच्या देणगीफलकांवरची नावे वाचा. मग त्या नावांचा शोध धर्मादाय आयुक्तांच्या नोंदींत घ्या. सार्वजनिक न्यासाचे हिशेब तिथे दाखल होतात: अनुसूची आठमध्ये ताळेबंद, अनुसूची नऊमध्ये उत्पन्न-खर्च. त्यांची पाहणी रीतसर अर्ज आणि फी भरून करता येते. एखादा ट्रस्ट वर्षाला एकूण दोन लाखच वाटतो हे आधी कळले, तर त्याच्याकडे दहा लाखांचा प्रस्ताव नेण्याची वेळ येत नाही.

न्यासाची उद्दिष्टेही पाहा. शिक्षण आणि वैद्यकीय मदत एवढेच लिहिले असेल तर विश्वस्तांची कितीही इच्छा असली तरी त्यांना दशावताराच्या प्रयोगाला पैसे देता येत नाहीत. मात्र मुलांना दशावतार शिकवण्याचा वर्ग शिक्षणात बसू शकतो, तसे त्यांना विचारा.

आमचा संच नोंदलेला नाही. एकट्या कलाकाराला मदत मिळते का?

तीन वाटा आहेत. शिष्यवृत्ती, अभ्यासवृत्ती किंवा मानधन थेट व्यक्तीला देणारे ट्रस्ट आहेत. तरुण असाल तर ही वाट आधी बघा. दुसरी वाट म्हणजे एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करणे. पैसा त्या संस्थेच्या खात्यात येतो, काम तुम्ही करता. यात लेखी करार हवाच: संस्था व्यवस्थापनासाठी किती टक्के ठेवणार, पैसे किती दिवसांत पुढे देणार, चित्रीकरणावर हक्क कुणाचा. मैत्रीखातर तोंडी ठरवलेल्या गोष्टींवरून चांगली माणसे कायमची दुरावतात.

तिसरी वाट स्वतःची संस्था काढण्याची. सोसायटीसाठी किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदवावी लागते. ही वाट घेण्याआधी विचार करा. दरवर्षीचे लेखापरीक्षण, सभा, इतिवृत्ते, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (त्या बदलाची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती), हे सगळे कुणीतरी नेमाने करायचे असते. फडात असे माणूस नसेल तर दुसरी वाटच बरी.

कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

नोंदणी प्रमाणपत्र, न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची चालू यादी, पॅन, १२-ए आणि ८०-जी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, बँकेचा रद्द केलेला धनादेश, अर्ज करण्याबाबतचा कार्यकारिणीचा ठराव. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत, तरी सीए आणि देणगीदार जुनीच नावे वापरतात. संस्था नवी असेल तर आधी १२-ए आणि ८०-जीची तीन वर्षांपुरती तात्पुरती नोंदणी मिळते, ती बहुतेकांना चालते.

कामे सर्वाधिक अडतात ती चेंज रिपोर्टपाशी. अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत नसते, कारण मागच्या निवडणुकीनंतर कुणी अर्जच केलेला नसतो. हे आजच तपासून घ्या.

अर्ज मराठीत चालेल का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान ट्रस्टना मराठीच सोयीचे. मोठ्या संस्थांत इंग्रजीची अपेक्षा असते, पण विचारायला संकोच करू नका. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र अनुदानसंस्था भारतीय भाषांतले प्रस्ताव घेते. ती कुठल्या एका घराण्याची नाही, तरी कलाकारांनी तिची माहिती ठेवावी.

इंग्रजीत द्यायचाच असेल तर आधी मराठीत लिहा, मग भाषांतर करून घ्या. मराठी मूळ प्रतही जोडा. झिलकरी, संबळ, आख्यान, गण, बतावणी हे शब्द जसेच्या तसे ठेवून एका ओळीत अर्थ सांगा. त्या शब्दांची जागा ‘लोकनृत्य’, ‘लोकवाद्य’ अशा ढोबळ शब्दांनी घेतली की वाचणाऱ्याला तुमच्या कलेचे वेगळेपण दिसतच नाही.

कलेबद्दल काय लिहावे?

जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते. ‘आमची कला प्राचीन असून लुप्त होण्याच्या मार्गावर आहे’ हे वाक्य विश्वस्त प्रत्येक अर्जात वाचतात. त्याऐवजी आज काय जिवंत आहे ते सांगा. तुमच्या भागात किती संच उरले, सर्वांत तरुण कलाकार किती वर्षांचा, कोणती आख्याने अजून पूर्ण येतात आणि कोणती एकाच माणसाच्या मुखी उरली, गेल्या हंगामात कुठे कुठे प्रयोग झाले.

पिंगुळीचे उदाहरण घ्या. कुडाळ तालुक्यातल्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या टिकवल्या. एके काळी सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. तो गेल्यावर कला घराघरांत आकसली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले, पुढच्या पिढीला शिकवले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या हकिकतीत आश्रय, तो तुटणे, कुटुंबाची चिकाटी आणि शिकणारी मुले असे सगळे आहे. विश्वस्ताला विशेषणांची गरजच उरत नाही. तुमच्या कलेची अशीच खरी हकिकत दोन पानांत लिहा.

सावंतवाडीचीच दुसरी गोष्टही सांगण्यासारखी आहे. तिथली गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम संपत आले असताना राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले स्वतः ती कला शिकल्या आणि राजवाड्यात कारागिरांना काम व शिकण्याची जागा दिली. एका कुटुंबाच्या पाठबळाने काय होऊ शकते, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रात मला दिसत नाही.

पैसे नेमके कशासाठी मागावेत? महोत्सवासाठी की शिकवण्यासाठी?

माझे मत ठाम आहे: शिकवण्यासाठी. महोत्सव हवेत, त्यांनी माणसे जोडली जातात. पण दोन दिवसांच्या महोत्सवात मंडप, ध्वनी, रोषणाई, निमंत्रणपत्रिका, शाल-श्रीफळ यांवर पैसा जातो आणि ज्यांच्यासाठी हे सारे, त्या कलाकारांच्या हातात सर्वांत कमी पडते. तोच पैसा गुरूच्या सहा महिन्यांच्या मानधनाला लावला तर दोन-तीन आख्याने पुढच्या पिढीकडे जातात.

जुन्या आश्रयदात्यांना हे पक्के माहीत होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणले आणि १९२२ मध्ये महाराज जाईपर्यंत खाँसाहेब तिथेच राहिले. इतकी वर्षे पोटाची चिंता नसल्यामुळे गायकी तिथे घडली आणि शिष्यांपर्यंत पोचली. आजच्या ट्रस्टकडे संस्थानाएवढा पैसा नसेल, पण एका गुरूला दोन वर्षे निर्धास्त करणे अनेकांच्या आवाक्यात आहे. हे त्यांना कुणी नीट सांगत नाही, एवढेच.

वाद्यांसाठीही जरूर मागा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांना लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो, तो वाळवून मुरवायला वेळ लागतो. एखाद्या तरुण कारागिराला कच्चा माल साठवायला भांडवल देणे हे कलासंवर्धनच आहे, पण असा अर्ज क्वचितच कुणी करतो.

अंदाजपत्रक कसे करावे?

आधी माणसे, मग वस्तू, शेवटी कार्यक्रम. नमुना म्हणून कळसूत्री बाहुल्यांच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा हिशेब पाहा. आकडे कल्पित आहेत, तुमच्या गावच्या दरांप्रमाणे बदला.

मुख्य गुरूंना दरमहा १५,००० प्रमाणे ९०,०००. वादन आणि गायन शिकवणाऱ्या दोन साथीदारांना प्रत्येकी ६,००० प्रमाणे ७२,०००. पाच शिष्यांना दरमहा ३,००० विद्यावृत्ती, म्हणजे ९०,०००. लाकूड, कापड, रंग, दोरे ३५,०००. एसटीचा प्रवास आणि जेवण २८,०००. शेवटचा जाहीर प्रयोग आणि त्याचे चित्रीकरण २५,०००. लेखापरीक्षण आणि कार्यालयीन खर्च १०,०००. एकूण ३,५०,०००, त्यातले २,५२,००० थेट शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांच्या हातात.

शिष्यांची विद्यावृत्ती कापू नका. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तालमीला येतो तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. घरची माणसे दुसऱ्या महिन्यात त्याला थांबवतात, आणि आपण म्हणतो की मुलांना आवड उरली नाही.

संस्थेने स्वतः काय घातले तेही लिहा. तालमीची जागा, देवळाचा सभामंडप, गावाने दिलेले जेवण यांची किंमत मांडली तर ट्रस्टला आपण एकटेच खर्च उचलत नाही हे दिसते.

कलाकारांना रोखीने मानधन दिले तर चालते का?

वर्षानुवर्षे बिदागी रोखच दिली जाते, म्हणून हा प्रश्न येतो. नोंदणीकृत न्यासाने एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर करहिशेबात तो खर्च धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही. लहान रकमांनाही व्हाउचर, सही किंवा अंगठा आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. प्रत्येक कलाकाराचे बँक खाते काढून देणे हा पहिल्या महिन्याचा कार्यक्रमच समजा.

व्यावसायिक मानधन एका वर्षात ५०,००० च्या वर गेले की १० टक्के करकपात करावी लागते, पॅन नसेल तर २० टक्के. वरच्या नमुन्यात गुरूंचे ९,००० असे कापले जातील. त्यांना हे आधीच समजावून सांगा आणि विवरणपत्र भरून परतावा मिळवून द्यायची जबाबदारी संस्थेने घ्यावी. वयस्क कलाकाराला कमी पैसे हातात आले की आपल्याला फसवले असेच वाटते.

इमारत किंवा कायम निधी मागावा का?

पहिल्या अर्जात नको. याला एक तांत्रिक कारण आहे: एका धर्मादाय न्यासाने दुसऱ्याला कॉर्पस म्हणून, म्हणजे कायम निधीसाठी दिलेली रक्कम देणाऱ्याच्या हिशेबात धर्मादाय खर्च धरली जात नाही. साध्या देणगीचेही २०२३ च्या बदलापासून ८५ टक्केच धरले जातात. त्यामुळे विश्वस्तांचे सीए कायम निधीच्या मागणीला बहुधा नकार सुचवतात. ठरावीक काम, ठरावीक मुदत अशीच मागणी ठेवा.

अर्ज कधी पाठवावा?

न्यासांना उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम ३१ मार्चपर्यंत खर्चावी लागते, त्यामुळे फेब्रुवारीत आलेल्या नव्या प्रस्तावाचा नीट विचार करायला विश्वस्तांकडे वेळ नसतो. दुसरीकडे कलेचा स्वतःचा हंगाम आहे. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात. यात्रांच्या सुपाऱ्यांसाठी नारायणगावात राहुट्या लागतात तेव्हा फडमालकाला अर्ज लिहायला सवड नसते. दशावतारी मंडळी कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्री जागवतात. शिकवायला मोकळा काळ मिळतो तो पावसाळ्यात. म्हणजे येत्या पावसाळ्यात वर्ग हवा असेल तर आदल्या पावसाळ्यातच, जुलै-ऑगस्टमध्ये अर्ज पोचवा. उत्तराला काही महिने लागतात हे धरून चाला.

ओळखीशिवाय काम होते का?

होते, पण विश्वस्तांनी कला प्रत्यक्ष पाहिलेली असली तर फार फरक पडतो. त्यांना प्रयोगाला बोलवा. सत्काराचा घाट घालू नका, पुढच्या रांगेत बसवून पूर्ण प्रयोग पाहू द्या आणि नंतर रंगपटात कलाकारांशी बोलू द्या. मुंबई-पुण्याहून येणे जमत नसेल तर दहा मिनिटांचे अखंड चित्रीकरण पाठवा. मोबाइलवर काढलेले चालेल. पार्श्वसंगीत घालून कापलेले तुकडे नकोत. संबळाचा आणि आवाजाचा खरा ताल ऐकू आला पाहिजे.

ट्रस्टने आपले नाव लावण्याची किंवा कलेत बदल करण्याची अट घातली तर?

नाव लावायला हरकत नसावी. मातोश्रींच्या नावाची शिष्यवृत्ती असेल तर ती सन्मानाने तशीच जाहीर करा. कलेतल्या बदलाची गोष्ट वेगळी. दोन तासांचे आख्यान वीस मिनिटांत बसवा, लावणीतले अमुक शब्द गाळा, विधीचा भाग मंचावर करून दाखवा, अशा सूचना प्रेमानेही येतात. त्यावर निर्णय कलाकारांचा. गोंधळ हा देवीपुढचा विधी आहे. त्यातले काय मंचावर आणायचे हे गोंधळी ठरवतील, संस्था किंवा ट्रस्ट नव्हे. ही भूमिका अर्जातच दोन ओळींत लिहून ठेवली की पुढे कुणालाच अवघड वाटत नाही.

चित्रीकरणाचे हक्क कुणाकडे राहतात?

करारात काय लिहिले त्यावर. कॉपीराइट कायद्याने सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क दिला आहे, पण बेसावधपणे सही करून तो सोडून देणे सोपे आहे. ट्रस्टला अहवालासाठी आणि संग्रहासाठी वापराची परवानगी द्या, विक्री किंवा प्रसारणासाठी वेगळी लेखी संमती लागेल असे लिहा आणि मूळ चित्रीकरणाची एक प्रत कलाकाराच्या घरी राहील अशी अट घाला. ही शेवटची अट घालायचे बहुतेक जण विसरतात.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून किंवा तिथल्या फाउंडेशनकडून पैसे घेता येतात का?

परदेशी फाउंडेशनचा पैसा संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे छत्राची वाट इथे बंद आहे.

व्यक्तींच्या बाबतीत पासपोर्ट पाहा. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड) असूनही ती परदेशी देणगीच. न्यू जर्सीतल्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसे खात्यात जमा होण्याआधी हे विचारून घ्या. पासपोर्टची प्रत मागण्यात अपमान नाही.

पैसे मिळाल्यावर काय पाठवायचे?

ठरलेल्या मुदतीत उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचा तपशील आणि कामाचा अहवाल. तुम्ही ८०-जी धारक असाल आणि देणगी तशी घेतली असेल, तर ३१ मेपर्यंत १०-बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायचे देणग्यांचे विवरण, भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्या. अहवालात अडचणीही लिहा: पाचपैकी दोन मुले गळाली, गुरू आजारी पडले, एक आख्यान अर्धेच झाले. विश्वस्तांनी आयुष्यभर व्यवसाय सांभाळलेले असतात, सगळे सुरळीत झाले हे त्यांना पटत नाही. उरलेली रक्कम परत करू का असे स्वतःहून विचारा. बहुतेकदा ती पुढच्या वर्गाला वापरा असेच उत्तर येते.

नकार आला तर?

आभाराचे पत्र पाठवा आणि कारण विचारा. उद्दिष्टात बसत नाही असे असेल तर तिथे पुन्हा जाऊ नका. निधी संपला असे असेल तर पुढच्या वर्षी त्याच प्रस्तावात मधल्या काळात काय झाले ते जोडून पाठवा. मधल्या काळात तालीम थांबवू नका, दोन मुलांची का असेना.

‘मंजूर करून देतो, दहा टक्के द्या’ असे सांगणारे भेटतात. काय करावे?

नाही म्हणा, आणि त्या ट्रस्टच्या कार्यालयाला लेखी कळवा. प्रस्ताव लिहून देणाऱ्याला ठरलेली फी देणे योग्य आहे, त्याचे श्रम आहेत. मंजुरीवर टक्केवारी मागणारा मात्र विश्वस्तांच्या नावावर पैसे उकळत असतो आणि ती रक्कम शेवटी मानधनातून कापली जाते. खात्री करायची असेल तर ट्रस्टच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्वतः फोन करा किंवा जा.

पहिल्यांदाच अर्ज करतो आहोत. किती रक्कम मागावी?

गेल्या वर्षी तुमच्या संस्थेने जेवढा खर्च नीट हिशेबासह केला, साधारण तेवढ्याच्या आत राहा. ऐंशी हजारांचा व्यवहार असलेल्या संस्थेने आठ लाख मागितले तर विश्वस्त घाबरतात आणि मिळालेच तर संस्थाही. ७५,००० मागा, एक गुरू, तीन शिष्य आणि एक आख्यान एवढेच ठरवा, ते पूर्ण करा आणि शेवटच्या प्रयोगाला विश्वस्तांना बोलवा. पुढच्या वर्षीचा अर्ज त्यांच्याशी त्याच ठिकाणी बोलून ठरवता येईल.